बिरजेची खांड

तलावाची ही पाळ इथून त्या टोकापर्यंत पाऊण मैल भरते. सगळी मातीची, आत दगड नाही की चुना नाही, आणि तरी तिनं तीनशे पावसाळे अंगावर घेतले असं सांगतात. तीनशे हा आकडा कुणी मोजलेला नाही. माझ्या आजोबांच्या वेळीही तीनशेच होते.

तुम्ही सारस बघायला आलात, ते ऊन कललं की पलीकडच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, उतरतील. तोवर इकडे पूर्वेच्या अंगाला या. इथं पाळ एकदम तुटलेली दिसते ना? दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी फट आहे. दोन्ही बाजूंना काळा दगड नंतर बसवला. तलाव भरला की वरचं पाणी इथून निघून जातं. मागं एक इंजिनियर पाहणीला आला होता. त्यानं सगळी पाळ चालून पाहिली आणि मला विचारलं, की सांडव्याला याहून चांगली जागा नाही, ही कुणी निवडली? मी म्हटलं, एका बाईनं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. कागदावर याचं नाव सांडवा आहे. आमच्या गावात, आंजनटोल्यात, मात्र याला बिरजेची खांड म्हणतात.

गोष्ट सांगतो, पण आधी एक ऐकून ठेवा. ज्या माणसाच्या तोंडून ही गोष्ट सुरू झाली, तो डोमाजी पुजारी आमच्याच घराण्यातला. माता मायची पूजा तेव्हापासून आमच्याकडे आहे. तेव्हा मी डोमाजीबद्दल काही बरं बोललो तर त्यातलं निम्मंच खरं माना.

त्या काळी पाळीची राखण सखरूच्या घराकडे होती. राखण म्हणजे काठी घेऊन बसणं नव्हे. सखरू रोज सकाळी पाळीवरून अनवाणी चालत जायचा आणि तळपायाला जिथं ओल लागेल तिथं थांबायचा. मातीची पाळ पाण्याच्या जोरानं फुटत नाही, ती भोकानं फुटते. खेकडा बीळ करतो, उंदीर करतो, जुन्या झाडाचं मूळ कुजून नळी तयार होते. पाण्याला बोटभर वाट मिळाली की ते चार दिवसांत तिचा दरवाजा करतं. सखरू ती भोकं शोधायचा, चिकणमाती आणि धानाचं तणस तुडवून त्यांत ठासायचा. त्याच्या बापानं हेच केलं, आजानं हेच केलं. गावाला त्याचं काम दिसायचं नाही, कारण काम नीट झालं की काहीच घडत नाही.

त्याची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, बिरजा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा वारला आणि ती बापाकडे परत आली, ती इथलीच झाली. बापाबरोबर पाळीवर हिंडून तिला सगळं येऊ लागलं होतं. पाळीच्या पायथ्याला पाणी झिरपतंच. ते नितळ असेल तर भ्यायचं कारण नाही. गढूळ असेल तर पाळीची माती आतून वाहून चालली आहे. हे सखरूनं तिला शिकवलं होतं, आणि लांबून नुसतं पाहून ती सांगायची म्हणे.

त्या वर्षी चैत्रात माता मायचा उत्सव भरला. दरवर्षीप्रमाणे डोमाजीच्या अंगात आलं. लोक तेव्हा देवीला पुढचं विचारत. पाऊस कसा, पीक कसं, रोगराई येईल का. हरबाजी पाटलानं विचारलं, की माय, यंदा तलाव भरेल का? डोमाजी बराच वेळ घुमला आणि मग स्वच्छ आवाजात बोलला.

"तलाव तुडुंब भरेल. आणि ही पाळ सखरूच्या घरच्या हातानं फुटेल."

ढोल थांबले असं सांगतात. सखरू समोरच, नारळाची टोपली घेऊन उभा होता. डोमाजी भानावर आला तेव्हा त्यानंच लोकांना विचारलं म्हणे, की मी काय बोललो. त्याला काही आठवत नव्हतं.

आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं? आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण सखरूच्या भावकीतली एक म्हातारी होती, ती माझ्या लहानपणी मला सांगायची. आदल्या हंगामात डोमाजीनं आपला पाण्याचा दिवस नसताना बांधीला पाणी मागितलं होतं, आणि सखरूनं चार लोकांसमोर नाही म्हटलं होतं. आता राग देवीच्या तोंडून बोलतो की देवी रागाच्या तोंडून, ते मला सांगता येणार नाही. माणूस खोटं न बोलताही खोटं बोलू शकतो, एवढं मी पुजारी म्हणून पाहिलं आहे.

पाटील पहिल्यांदा म्हणाला, की सखरूचा या पाळीवर जीव आहे, देवीच्या बोलण्याचा अर्थ काही वेगळा असेल. आठ दिवस सगळं ठीक चाललं. मग लोक त्याच्याकडे बघायला लागले. सखरू कुदळ घेऊन निघाला, तर कुदळ कशाला? रिकाम्या हातानं निघाला, तर आज कुदळ कुठं लपवली? एकदा बिरजा पाळीच्या पायथ्याशी चिकणमाती खणत होती, बीळ बुजवायला. पाणी भरायला आलेल्या बायकांनी पाहिलं आणि गावात सांगितलं, की पोरगी पाळ पोखरून राहिली. सखरू समजावून सांगायला गेला तर लोक म्हणाले, एवढं समजावतो कशाला? दुसऱ्या दिवशी तो गप्प राहिला, तर म्हणाले, बघा, आता बोलायला जागा उरली नाही. खरं सांगायचं तर त्याला निर्दोष दिसता येईल अशी एकही वाट गावानं ठेवली नव्हती.

जेठ महिन्यात देवळाच्या मांडवात गाव बसलं. ठरलं, की पावसाळा संपेपर्यंत सखरूच्या घरच्या कुणीही पाळीवर पाय ठेवायचा नाही. त्याची कुदळ आणि फावडं देवळात ठेवून घेतली. सखरूनं भांडण केलं नाही. त्यानं एकच गोष्ट मागितली.

"मले नका जाऊ देऊ," तो म्हणाला. "पण जांभळाच्या बुंध्यापाशी मोठं बीळ आहे. मी अर्धंच बुजवलं. तेवढं कोणीतरी पुरं करा."

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी बोललं, की स्वतःला खणता येत नाही तर आपल्या सगळ्यांच्या हातानं पाळ खणायला लावतो. झालं. त्यानंतर जांभळाच्या आसपास कुणी फिरकलंदेखील नाही. गावानं पाळीवर दोन राखणदार बसवले. त्यातला फागू नावाचा गडी अंगानं दणकट, स्वभावानं वाईट नव्हता म्हणतात. दोघं दिवसभर काठ्या घेऊन बसत. पण त्यांना राखायचं होतं सखरूला, म्हणून त्यांची पाठ असायची पाण्याकडे आणि तोंड सखरूच्या घराकडे. तीन महिने तलावाकडे कुणी बघितलं नाही.

इकडे सखरूचं काय झालं ते ऐका. आधी तो चिडला. मग एका दुपारी बिरजा शेतातून आली, तर बाप आपला उजवा हात धोतराच्या टोकानं खाटेच्या पायाला बांधून बसलेला. तिनं गाठ सोडली. त्यानं पुन्हा बांधायला घेतली.

"देवी खोटं कशाला बोलेल?" तो म्हणाला. "या हाताच्या मनात काय आहे, मले तरी काय ठाऊक?"

म्हणजे पाहा, सगळ्या गावाचा संशय होता तोवर माणूस उभा होता. त्याला स्वतःचाच संशय आला आणि तो बसला. बिरजा रोज ती गाठ सोडायची आणि रोज तो बांधायचा. जेवायलाही तो डाव्या हातानं जेवू लागला.

भादव्यात पाच दिवस झड लागली. तलाव काठोकाठ भरला. देवीचं अर्धं बोलणं खरं झालं, आणि त्यामुळे उरलेल्या अर्ध्यावर लोकांचा विश्वास दुप्पट झाला. सहाव्या दिवशी दुपारी पाऊस थोडा थांबला तेव्हा बिरजा पाळीच्या खालच्या अंगानं, बांध्यांमधून घरी चालली होती. जांभळाखालून पाणी येताना तिला दिसलं. मनगटाएवढी धार होती, आणि रंग चहासारखा.

जांभळाच्या समोर, पाळीच्या अगदी पायथ्याला तेव्हा चाळीस घरांची टोली होती. झडीमुळे सगळी माणसं, गुरं घरातच.

ती आधी फागूकडे गेली. "फागूभाऊ, जांभळाखाली गढूळ पाणी लागलं," ती म्हणाली. "खाली उतरून एकवार पाहून घे."

फागूनं विचारलं, "तू पाळीजवळ कशाला गेली होतीस?"

ती पुन्हा सांगायला लागली तर त्यानं काठी आडवी धरली. मग ती पाटलाकडे गेली. पाटलाला तिचं खरं वाटलं असावं, कारण तो उठून उभा राहिला म्हणे. पण तो एवढंच म्हणाला, की डोमाजीला विचारून ये. देवीनं सांगितलेल्या गोष्टीत तो एकटा निर्णय कसा घेणार?

तेव्हा ती आमच्या घरी आली. हे बोलणं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले, त्यामुळे शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील.

तिनं डोमाजीला सांगितलं, की आता जांभळाखालचं भोक बुजणार नाही, पाण्याचा जोर कमी करणं एवढाच उपाय आहे. पूर्वेच्या टोकाला पाळ ठेंगणी आहे, पलीकडे मुरमाड उतार आहे. तिथं पाळ कापली तर पाणी नाल्यात जाईल. त्या अंगाचं धान बुडेल, पण टोली वाचेल. त्या अंगाला गावाचं निम्म्याहून जास्त धान होतं, पोटरीला आलेलं. डोमाजीची बांधी तिथं होती, सखरूचीही तिथंच.

"तुम्ही सांगितलं तर गाव ऐकेल," ती म्हणाली. "काका, देवीच्या नावानं सांगा, की कापा."

डोमाजी म्हणाला, "अंगात आल्याशिवाय मी देवीच्या नावानं कसं बोलू?"

मग तिनं विचारलं, "चैत्रात आली होती?"

इथपर्यंत सगळे एकच सांगतात. पुढे दोन गोष्टी आहेत. आमच्या घरची अशी, की डोमाजीनं देवळाचं दार उघडलं, सखरूची कुदळ स्वतःच्या हातानं तिला दिली आणि म्हणाला, जा. सखरूच्या भावकीची अशी, की तो घरात जाऊन बसला, दार लावून घेतलं, आणि तिनं देवळाची कडी दगडानं तोडून कुदळ काढली. मी डोमाजीचा वंशज आहे आणि मला दुसरी खरी वाटते. देवळाच्या दाराची जुनी कडी वाकलेली आहे. ती मी पाहिली आहे. तिच्याबद्दल माझ्या वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, जुनं लोखंड आहे, वाकतं.

ती बांधांवरून, आडवाटेनं इथं आली, आपण उभे आहोत तिथं. भिजलेली माती, धारदार कुदळ, आणि लहानपणापासून या कामाला सरावलेले हात. हातभर रुंद चर पडायला वेळ लागला नाही. पुढचं काम पाण्यानंच केलं. आवाज ऐकून राखणदार धावले, मागून गाव धावलं. त्यांनी काय पाहिलं? सखरूची पोर हातात कुदळ घेऊन उभी आहे आणि पाळ फुटली आहे. सगळ्यांनी एका तोंडानं म्हटलं, की देवी बोलली तसंच झालं.

बिरजा पाण्यात वाहून गेली असं सांगतात. चराचा काठ ढासळला आणि तिचा पाय सुटला, असं.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त संशय इथं येतो. जी बाई पाळीची नस न् नस ओळखत होती, ती ढासळत्या काठावर उभी राहील? तिसऱ्या दिवशी खाली नाल्यात पळसाच्या मुळ्यांना अडकलेली ती सापडली. कपाळाला मोठी खोक होती. दगडावर आपटली म्हणतात. त्या नाल्यात मी पोरवयापासून उतरतो. तिथं मुरूम आहे, वाळू आहे. दगड नाहीत.

संध्याकाळपर्यंत तलाव पुरुषभर उतरला. आणि दिवस मावळायच्या सुमाराला जांभळापाशी पाळ बसली. झाडासकट कोसळली. पण तोवर पाणी त्या बिळाच्या तोंडाखाली गेलं होतं, म्हणून टोलीत चिखलाखेरीज काही आलं नाही. लोक खाली जाऊन बघतात, तर पाळीच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढी पोकळी. ती पाहिल्यावर कुणी कुणाकडे बघेना. चाळीस घरांतली सगळी माणसं उभी होती, पोरंबाळं कडेवर होती, आणि समोर पूर्वेला गावाचं वर्षाचं धान पाण्याखाली होतं.

सखरूला कुणी बोलवायला गेलं नाही. तो आपणहून आला. उजवा हात मोकळा होता. त्यानं ती पोकळी पाहिली, आणि माती कालवायला घेतली. गाव त्याच्या मागं कामाला लागलं. अकरा दिवस काम चाललं. मधल्या तिसऱ्या दिवशी मुलगी सापडली, तिला अग्नी देऊन तो परत कामावर आला. अकराव्या दिवशी शेवटचा चिकणमातीचा थर ओला असतानाच त्यानं गावाला पाळीसमोर उभं केलं.

"आता प्रत्येकानं या मातीवर उजवा हात दाबायचा," तो म्हणाला. "माझ्या पोरीवर ज्यानं हात उचलला, त्याचा ठसा उठणार नाही."

एकेक जण पुढे झाला. पाटलानं हात दाबला, ठसा उठला. डोमाजीनं दाबला, त्याचाही उठला. बायकांनी दाबले. टोलीतल्या माणसांनी दाबले. फागूची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, की बैल सुटलेला दिसतो, धरून आणतो. भर दुपारची वेळ होती, बैल तेव्हा चरायला सुटलेलेच असतात. तो गेला तो आंजनटोल्यात परत आलाच नाही. त्याची बायको आठ दिवसांनी भांडीकुंडी घेऊन माहेरी गेली.

गावाला उत्तर मिळालं. फागू दोषी. कुणाच्या मनावरचं ओझं उतरायचं असेल तर ते उतरलं. पण ती म्हातारी मला आणखी एक सांगायची. सखरू मरायला टेकला तेव्हा भावानं त्याला विचारलं, की खरंच ठसा उठला नसता का? सखरू म्हणाला, "माती सगळ्यांचाच ठसा घेते. मले फक्त पाहायचं होतं, कोण भितो."

मग फागू गेला तो मारलं म्हणून, की नुसता भ्याला म्हणून? तिच्यापुढं काठी आडवी धरली होती, तेवढ्याचंच ओझं त्याच्या मनावर असेल. आणि ज्यांनी बिनधास्त हात दाबले, ते सगळे निर्दोष होते, की त्यांना सखरूइतकंच मातीचं ज्ञान होतं? गावानं डोमाजीच्या तोंडचा एक बोल खरा करून दाखवला होता. पंधरा दिवसांच्या आत त्यांनी सखरूच्या तोंडचा दुसरा खरा केला. मला तरी दोन्हींत फार फरक दिसत नाही.

त्यानंतर डोमाजीच्या अंगात कधी आलं नाही. माता मायसमोर 'पुढे काय होईल' हे विचारायचं नाही, असा गावाचा नियम झाला. आमच्याकडे विचारतात ते एवढंच, की आता काय करू? आणि राखण कुण्या एका घराची राहिली नाही. दर चैत्रात प्रत्येक घरानं टोपलीभर चिकणमाती आणून पाळीला लावायची आणि तिच्यावर घरच्या कर्त्याच्या हाताचा ठसा उठवायचा.

आजही तसंच करतात. जांभळ होतं त्या जागेपासून इथवर हातांचे दोनशे बारा ठसे आहेत यंदा. जाताना बघा, चुकून पाय देऊ नका. पाहुण्यांना आम्ही सांगतो, की पाळ सगळ्यांच्या हातची आहे, त्याची ही खूण. ते खरंच आहे. पण माती उन्हानं वाळते, कुठंतरी तडकते. ज्याचा ठसा तडकतो त्याला गावात कुणी काही बोलत नाही. फक्त त्या वर्षी त्याच्या घरी जाताना माणसं जरा खाकरून आत जातात, आणि तो पाळीवर दिसला की कुणीतरी सहज म्हणून त्या बाजूला चक्कर मारतं.

यंदा माझा तडकला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत, सरळ. मी माती कालवताना तणस कमी घातलं होतं, दुसरं काही कारण नाही. हे मी घरी सांगितलं, तर सून म्हणाली, एवढं समजावता कशाला?

त्या पळसापाशी सायकल टेकवून उभा आहे ना, तो माझा मोठा मुलगा. पन्नाशीला आला. शाळेत विज्ञान शिकवतो. आपण पाळीवर चढलो तेव्हापासून तो मागं आहे. मी विचारलं तर म्हणाला, सारस बघायला आलो. पण सारस तिकडे उतरलेत, बघा, बांध्यांत. तो अजून इकडेच बघतोय.